काळ्या मशीनची बाजू

मांडवीला जेट्टीकडे वळायच्या आधी एक गाळा होता. वर पाटी, ‘सानवी व्हिडिओ गेम्स’. सानवी कोण, असं नवीन माणूस हमखास विचारायचा. दमयंतीबाई पडद्यावरची नजर न काढता सांगायच्या, "कोन नाय. पाटीवाल्याकडं रंगवून पडलेली, न्यायला कोन आला नाय. मना स्वस्तात गावली."

या बाईंबद्दल मला लिहायचंच होतं. रत्नागिरीत मोठ्या माणसांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. सत्कार झाला की यांची लेखणी सुरू. पण एकच खेळ दोन मशीनवर दोन तऱ्हेनं का पळतो, हे ज्या बाईनं पावसच्या बागायतदाराला त्याच्याच शेडमध्ये उभं करून समजावलं, तिच्यावर कोण लिहिणार? म्हणून मीच लिहिते.

दमयंतीबाई मूळच्या पावसच्या. अठ्ठ्याण्णव सालापर्यंत चारुदत्त बागायतदारांच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादम होत्या. आंबा हातात घेतला की वजन आणि दिवस दोन्ही सांगायच्या. हा चार दिवसांनी पिकणार, हा सहा. पेटी कशी भरली आहे ते झाकण न उघडता, नुसती हलवून ओळखायच्या. पण हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, मग वर्षभर काय? त्यांचा भाऊ संदेश बोटीवर कामाला होता. त्यानं एका फेरीत टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आणलं, बहिणीच्या पोरांना म्हणून. आठ दिवसांत आळीतली सगळी पोरं पडवीत बसायला लागली. बाईंनी विचार केला, पडवी झाडायची तर झाडणावळ का घेऊ नये. त्याच वर्षी मांडवीला चारुदत्तांचाच गाळा भाड्यानं घेतला.

पहिलं मशीन त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्क्रू काढून उघडलं होतं. संदेश ओरडला, तर म्हणाल्या, "आतमदी काय हाय ते ठावं नसताना लोकांच्या पोरांना त्याच्याम्होरं बसवू कशी?" शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी वाचायच्या ते अक्षर लावून. पॉलिटेक्निकचा शौनक खेळायला यायचा. त्याला अर्धा तास फुकट द्यायचा आणि बदल्यात त्यानं सायबर कॅफेतून छापून आणलेले कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे, असा दोघांचा सौदा होता. शौनक वाचायचा, बाई मधेच थांबवायच्या.

"मेमरी म्हंजे आंबे ठेवायची जागा. बरोबर?"

"तसंच काहीसं, काकी."

"तसंच म्हन की. काहीसं कशाला?"

दहा वर्षांत त्यांच्या गाळ्यातून बरीच मशीनं आली नि गेली. दर मे महिन्यात त्या स्पर्धा भरवायच्या. शेवटची फेरी दोन मशीनवर एकाच वेळी. एकच खेळ, एकच टप्पा, पंधरा मिनिटांत जास्त गुण करील तो जिंकला. मशीनं कायम जोडीची असायची, सारखी. गडबड झाली ती दोन हजार नऊ साली. त्या वर्षी संदेशनं एक पांढरं मशीन आणलं आणि एक काळं. दोन वेगळ्या कंपन्यांची. काळं जास्त महाग, म्हणून त्याचा तासाचा दरही जास्त.

शेवटच्या फेरीला खेळ ठरला ‘फुटकं हेल्मेट’. खरं नाव इंग्रजी होतं, पण डब्यावर हेल्मेट फुटलेला शिपाई होता, म्हणून मांडवीत सगळे तसंच म्हणायचे. समोरासमोर आले चारुदत्तांचा मुलगा यज्ञेश आणि सावनी नावाची (पाटीवरची सानवी नव्हे) अकरावीतली मुलगी. नाणेफेक यज्ञेशनं जिंकली. त्यानं काळं मशीन निवडलं. महाग आहे म्हणजे भारी असणार.

नवव्या मिनिटाला खेळातला पूल उडतो. धूर, दगड, माणसं, सगळं एकदम पडद्यावर येतं. सावनीच्या पांढऱ्या मशीनवर ते धबधब्यासारखं कोसळलं. यज्ञेशच्या काळ्यावर चित्र अडखळायला लागलं. बटण आत्ता दाबावं, गोळी नंतर सुटावी. चार वेळा मेला. सावनी जिंकली. यज्ञेशनं हातातलं रिमोट आपटलं, आणि मागं खुर्चीवर बसलेले चारुदत्त उठले.

"दमयंती, बिघडलेलं मशीन दिलंस पोराला."

"मशीन बिघडलेलं नाय, भाऊ." चारुदत्तांना पावसला सगळे भाऊच म्हणतात.

"मला डोळे आहेत."

गाळा त्यांचा. अकरा महिन्यांचा करार मेअखेर संपत होता. त्यांनी चारचौघांत सांगितलं, "मशीन खराब होतं आणि ते माहीत असून मी पोराला त्याच्यावर बसवलं, एवढं लिहून दे. मग करारावर सही करतो. नाहीतर एक जूनला गाळा मोकळा पाहिजे."

"खोटं लिवून देनार नाय," बाई म्हणाल्या, आणि पोरांनी टाकलेले कुरकुऱ्यांचे कागद गोळा करायला लागल्या.

चारुदत्त तिथून निघून थेट माझ्याकडे आले. माझं ग्राहक मदत केंद्र म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल, पण तिथे तक्रार आली की निम्म्या रत्नागिरीला धाप लागते. एकच खेळ, त्यातल्या त्यात महाग दराचं मशीन, आणि तेच अडखळतंय. हे ऐकून माझं डोकं तापलं नसतं तर नवल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यात जाऊन उभी राहिले.

"दमयंतीबाई, जास्त दर घेऊन कमी माल देणं याला फसवणूक म्हणतात. मी या दारात फलक घेऊन बसेन."

"बसा की. पन आधी हितं बसा." त्यांनी स्टूल सरकवलं आणि माझ्या हातात रिमोट दिलं.

काळ्या मशीनमध्ये त्यांनी एक वेगळीच डिस्क घातली. डोंगर, समुद्र, झाडांची पानं हलतायत. मला खेळता येत नव्हतं, मी नुसती भिंतीवर आपटत होते, पण चित्र कुठे म्हणून अडलं नाही.

"ह्यो खेळ निसता ह्याच मशीनसाठी लिवलेला," बाई म्हणाल्या. "आता सांगा, मशीन बिघडलंय?"

त्यांनी ‘फुटकं हेल्मेट’ लावलं. पूल उडाला, चित्र अडखळलं. मग त्यांनी डबा उलटा करून कोपऱ्यातला एक छोटा छाप दाखवला.

"ह्यो बगा. ज्यांनी ह्यो खेळ केला, त्यांनी समदं सोता केलेलं नाय. मानूस धावला की सावली पडायची, दगड घरंगळला की कुटं थांबायचा, धूर कसा पसरायचा, ह्याचा तयार सांगाडा दुसऱ्या कंपनीकडनं आनलाय. परवाना घिऊन. त्याला इंजिन म्हनतात. गोष्ट ह्यांची, सांगाडा त्यांचा."

"म्हणजे इंजिन खराब."

"थांबा गो बाय, घाई कसली." त्यांनी तिसरी डिस्क काढली. तिच्या डब्यावर तोच छाप. काळ्या मशीनवर तो खेळ गुळगुळीत पळाला. "इंजिन तेच, मशीन तेच. पन हा खेळ करनाऱ्यांनी काळ्या मशीनवर आधी काम केलंय, मग पांढऱ्यावर नेलंय."

आता माझी पंचाईत झाली. मशीन चांगलं, इंजिन चांगलं, आणि ग्राहकाला धक्के बसतायत हे तर डोळ्यांसमोर. फलकावर नाव कुणाचं लिहायचं? मी तसं विचारलंसुद्धा. बाई हसल्या.

"तुमाला कळंल. तुमी ऐकून तरी घेताव. भाऊंना मशीनमदलं सांगून कळायचं नाय. त्यांच्या शेडमदी न्यायला हवं त्यांना."

"त्यांच्याच शेडमध्ये?"

"मालन सांगत होती. नव्या शेडचा घोळ हाय."

मालन म्हणजे बाईंची नणंद. ती अजून चारुदत्तांकडे पॅकिंगला जात होती. तिच्याकडून बाईंना कळलं होतं, की भाऊंनी यंदा खर्च करून नवी शेड बांधली, सहा नावाजलेल्या बायका निवडून तिथे बसवल्या, आणि तिथून जुन्या शेडपेक्षा कमी पेट्या निघत होत्या. भाऊ बायकांना आळशी म्हणून रोज झापत होते.

मी चारुदत्तांना निरोप धाडला: तक्रार दाखल झाली आहे, तक्रारदारानं पाहणीला हजर राहणं बंधनकारक आहे, रविवारी सकाळी आठ, पाहणीची जागा तुमची शेड. कायद्यात असं काही नाही. पण मी ज्या आवाजात सांगते त्या आवाजात ते असल्यासारखं वाटतं.

रविवारी आम्ही सगळे पावसला. यज्ञेश, सावनी आणि शौनक पण आले होते. जुनी शेड म्हणजे एकच मोठी खोली. मध्ये आंब्यांचा ढीग, बाजूला पेंढा, त्याच्या शेजारी रिकाम्या पेट्या. तीन बायका कुठेही बसल्या तरी सगळं हाताशी. प्रत्येकीनं आपले आंबे आपण निवडायचे, आपला पेंढा आपण ओढायचा, पेटी भरून सरकवायची. अशी वर्षानुवर्षांची रीत.

नवी शेड दोन खोल्यांची. एकीत आंबे, दुसरीत पेंढा आणि पेट्या, मध्ये भिंत आणि एकच दार. आंब्यांच्या खोलीत भिंतीला लागून सहा छोटे ओटे, एकेका बाईला एकेक. त्यावर एका वेळी डझन-दोन डझन आंबे मावतील एवढीच जागा. मुकादमाला मधोमध स्टूल.

"भाऊ, घड्याळ लावा," दमयंतीबाई म्हणाल्या. "अर्धा तास. दोनी शेडमदी रोज चालतंय तसंच चालू दे."

सुरुवात झाली. जुन्या शेडमध्ये तिघी गप्पा मारत भरत होत्या. नव्या शेडमध्ये सहांतल्या येसूबाई पेंढा घेऊन परतत होत्या तेवढ्यात मालन पेंढ्याला निघाली, दोघी दारात अडकल्या. तिसरी त्यांच्या मागे पेटी घेऊन उभी. एक ओटा आंब्यांनी भरलेला पण पेंढा नाही, दुसऱ्यावर पेंढ्याचा डोंगर आणि आंबा ठेवायला जागा नाही. मुकादम स्टूलावर बसून ओरडत होता. येसूबाई त्याला म्हणाल्या, "मेल्या, वरडतोस काय, उठून दार मोकळं कर."

अर्ध्या तासानं मोजलं. जुन्या शेडमध्ये तिघींच्या नऊ पेट्या. नव्यात सहा जणींच्या आठ.

"बघा," चारुदत्त म्हणाले. "रोजचं आहे हे. चांगल्या बायका म्हणून निवडल्या, आणि या."

येसूबाईंनी पदर खोचला. त्या काही बोलायच्या आत दमयंतीबाई पुढे झाल्या.

"आता बायका त्याच, शेड तीच. निसती रीत माजी."

त्यांनी मुकादमाला स्टूलावरून उठवलं. दोन गडी मागितले, त्यांना दाराच्या दोन बाजूंना उभं केलं. एकानं पेंढ्याच्या जुड्या आणि पेट्या आतून द्यायच्या, दुसऱ्यानं घ्यायच्या. सहाही जणींनी जागचं उठायचं नाही. मुकादमानं आंबे निवडून आधीच दोन-दोन डझनांच्या टोपल्या करायच्या, आणि जिचा ओटा रिकामा होत आला तिच्यापुढे पुढची टोपली ठेवायची. ओटा रिकामा झाल्यावर नाही, होत आला की. हे त्यांनी मुकादमाला तीनदा सांगितलं.

पहिली दहा मिनिटं मुकादमाचीच तारांबळ. त्याला कुणापुढे काय ठेवायचं ते सुधरेना. मग हात बसला. सहा जणींचे हात असे चालायला लागले की बघत राहावं. मालनची मान वर होत नव्हती. चारुदत्त एकदा दारापाशी जाऊन आले, एकदा ओट्यापाशी, मग कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

अर्ध्या तासात सतरा पेट्या.

"आता ऐका," दमयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुसले. "जुनी शेड म्हंजे पांढरं मशीन. काम करनारे तीन, तिघं सारखे, समदा माल एका जागेत. कोनीबी काय बी उचला. नवी शेड म्हंजे काळं मशीन. एक मुकादम, हाताखाली सहा जन, लय चपळ. पन त्यांचा ओटा बारका, आनि माल दोन खोल्यांत वाटलेला. त्यांना वेळेवर भरवलं तर जुन्या शेडला हरवतील. नाय भरवलं तर रिकामे बसतील."

"आणि इंजिन?" शौनकनं मुद्दाम विचारलं. त्याला माहीत होतं.

"इंजिन म्हंजे रीत. ज्यांनी ती लिवली, त्यांच्या डोळ्याम्होरं जुनी शेड होती. मग फुटकं हेल्मेटवाल्यांनी तीच रीत परवाना घिऊन आनली आनि दोनी शेडमदी लावली. साध्या येळी चालतंय. पूल उडाला, एकदम माल आला, की दारात गर्दी."

"मग त्यांनी रीत बदलली का नाही?" चारुदत्त म्हणाले.

"तुमी का नाय बदललीत?"

शेडमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. त्या येसूबाईच असणार, पण मी शपथेवर सांगणार नाही.

चारुदत्त माणूस हट्टी, पण आंब्यातला. डोळ्यांपुढच्या पेट्या त्यांना नाकारता येईनात. ते म्हणाले, "हंगाम सुरू झाला होता. वेळ कुठे होता रीत बघत बसायला. जुनी चालत होती, तीच लावली."

"त्यांचं बी तेच. येळ नव्हता. खेळ दुकानात जायची तारीख ठरलेली. रीत बदलायची म्हंजे मैनं जातात, आनि बदलनारी मानसं हुशार लागतात. काय जन बदलतात. काय जन म्हनतात, चालतंय की." बाईंनी एक टोपली उलटी करून तिच्यावर बसकण मारली. "तर मशीन चांगलं हाय, भाऊ. खराब म्हनून मी लिवनार नाय. पन माजी एक चूक हाय, ती लिवून देते. कागद द्या."

हे मला नवीन होतं. मी पाहणीच्या वहीतलं पान फाडून दिलं. बाईंनी पेटीवर ठेवून सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे दिलं. मी मोठ्यानं वाचलं:

"दोन वेगळ्या मशीनवर शेवटची फेरी घेतली ही माझी चूक आहे. खेळ एक असला तरी दोन मशीनवर तो सारखा पळत नाही, हे मी आधी तपासायला हवं होतं. मशीन चांगलं आहे. फेरी पुन्हा घेईन, दोघांना एकाच मशीनवर, आळीपाळीनं. दमयंती."

चारुदत्तांनी जे मागितलं होतं ते यात नव्हतं, आणि जे मागायला हवं होतं ते सगळं होतं. त्यांनी कागद हातात घेतला, घडी केली, उलगडला.

"सावनीचं काय?" मी विचारलं. "ती जिंकलेली आहे. तिच्यावर पुन्हा खेळायची सक्ती का?"

"मी खेळते की," सावनी म्हणाली. "काळ्या मशीनवर पण खेळते. त्याला पाहिजे तिथे."

यज्ञेशनं आता शहाणपणा केला. पांढरं निवडलं.

संध्याकाळी पाच वाजता गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेडवरच्या बायकाही आल्या होत्या, पडद्यावर काय असतं ते बघायला. पूल उडाला तेव्हा येसूबाई मालनला म्हणाल्या, "ह्याच्यात दार मोठं हाय वाटतं." आधी यज्ञेश खेळला, चांगला खेळला. मग सावनी खेळली, आणि मागच्या फेरीत जेवढ्या गुणांनी जिंकली होती त्याच्या दुपटीनं जिंकली. यज्ञेशनं या वेळी रिमोट आपटलं नाही. सावनीला विचारलं, पुलाखालून जायचं तुला कुणी दाखवलं. चारुदत्त मुलाकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी सांगायला नको.

सोमवारी गाळ्याच्या दारावर बाईंच्या अक्षरात पुठ्ठा लागला. कुठला खेळ कुठल्या मशीनवर बरा पळतो, कुठे धक्के बसतील, विचारून बसा. दर दोन्ही मशीनचा सारखा केला. मी त्या खेळाच्या कंपनीला पत्र टाकलं, की हे तुम्ही डब्यावर छापायला पाहिजे, मांडवीची बाई ते पुठ्ठ्यावर लिहिते. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र टाकलं. त्याचंही नाही. तिसरं यज्ञेशनं इंग्रजीत नीट करून दिलं.

करारासाठी चारुदत्त बुधवारी आले. कागद आणला होता, पण पेन खिशातच. काउंटरपाशी उभे राहून बराच वेळ पांढऱ्या मशीनकडे, मग काळ्याकडे बघत होते.

"नव्या शेडमध्ये मुकादम अजून गोंधळतो," शेवटी म्हणाले. "ओटा रिकामा झाल्यावर टोपली ठेवतो. तू म्हणालीस, होत आला की."

"मंग सांगा त्याला."

"सांगून झालं. तू यायला हवंस. पुढच्या हंगामापासून. शेड तुझ्या ताब्यात."

दमयंतीबाईंनी एका पोराचं रिमोट सरळ करून दिलं. "सकाळी सात ते नव. धाला माजा गाळा उघडतो. आनि बायकांना आळशी म्हनायचं नाय."

"नाही म्हणणार."

"यष्टीनं जायाला जमनार नाय. जीप तुमी पाठवायची."

चारुदत्तांनी पेन काढलं, सही करायला वाकले. मी कागदावर हात ठेवला. म्हटलं, आधी जीपचं लिहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दमयंतीबाईंकडे बघितलं, आणि करारात गाळ्याच्या अटींखाली एक ओळ वाढवली: जीप, सकाळी साडेसहा, मांडवी. मग सही केली.